खंडूअण्णांचं गेज आणि विलायतेची निवडणूक

विलायतेचं सरकार आमच्या गल्लीनं निवडलं, असं मी कुठं म्हटलं की आमचे हे चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "थोडं कमी कर." बरं, करते कमी. सगळं सरकार नाही, एका मतापुरतं. पण त्या एका मताची चर्चा झाली ती आकुर्डीत, खंडूअण्णा ओव्हाळांच्या ओट्यावर. तिला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होते, कारण त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे आणि बांधणाऱ्यानं ती जाड केलेली नाही. त्याचे उपकार.

खंडूअण्णा म्हणजे उंच, वाळका, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारा माणूस. बार्शीकडच्या खेड्यातून तरुणपणी इकडं आले, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि इन्स्पेक्शनला पोचून रिटायर झाले. इन्स्पेक्शन म्हणजे काय, ते मला त्यांनीच एकदा लाटणं हातात घेऊन समजावलं होतं. पोलादाची एक छोटी दांडी असते, तिला म्हणायचं गेज. तिचं एक टोक पिसाच्या, म्हणजे तयार झालेल्या भागाच्या, भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढं झालं की पीस पास. नाहीतर लाल फुली मारायची आणि भंगाराच्या पेटीत टाकायचा. मशीनवाला ओरडू दे, सुपरवायझर विनवू दे, वाद नाही. गेज सांगेल ते.

कंपनी सुटली, सवय सुटली नाही. जाईबाईंची भाकरी ताटात पडली की अण्णा ती दोन बोटांत धरून कडेनं बघतात. मी म्हणते, "जाईआक्का, बघा, भाकरीला गेज लागलं." जाईबाई म्हणतात, "लागू दे की. नापास केली तर उपाशी कोन ऱ्हानार हाय?"

निवडणुकीतही अण्णांचं असंच एक गेज होतं. आमच्या गल्लीत उमेदवाराची पदयात्रा येते तेव्हा पुढं हलगी, मागं फटाके, बाया औक्षणाचं ताट घेऊन दारात. अण्णा दारात हात जोडून उभे राहायचे आणि उमेदवार समोर आला की एकच प्रश्न विचारायचे, "साहेब, आमच्या गल्लीला पानी कवा येतं?"

"चोवीस तास देणार, काका! शब्द आहे आपला."

"देनार ते ऱ्हाऊ द्या. आत्ता कवा येतं?"

उमेदवार कार्यकर्त्याकडे बघायचा, कार्यकर्ता दुसऱ्या कार्यकर्त्याकडे, आणि दुसरा विजेच्या तारांकडे. एकदा एकानं मात्र पटकन सांगितलं, "दिवसाआड, पहाटे. आणि टोकाच्या दोन घरांना चढतच नाही." अण्णांनी वळून जाईबाईंना सांगितलं, "पास." त्या घरातली सगळी मतं त्याला पडली. अण्णा म्हणायचे, काय करणार ते कुणीही सांगतो, काय ठाऊक आहे ते विचारावं.

तो उमेदवार निवडून आला का, असं विचाराल, तर नाही आला. डिपॉझिट गेलं त्याचं. त्याला अण्णा काय करणार?

आता दीक्षाचं सांगते. दीक्षा अण्णांची लेक, एकुलती एक. नर्सिंग शिकली, चिंचवडला एका दवाखान्यात चार-पाच वर्षं राबली. नवरा निरंजन कुरुळीला एका पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसवर. दोघांच्या शिफ्टा अशा की एक घरात शिरला की दुसरा चपला घालायचा, म्हणून त्यांची संबोधी लहानपणापासून आजोबांकडेच वाढली. शाळेला नेणं अण्णांचं, डबा जाईबाईंचा, पाढे माझे. पाणी यायच्या दिवशी ही एवढीशी पोर पहाटे उठायची आणि आपली छोटी तांबडी बादली घेऊन आजोबांच्या मागं नळावर उभी राहायची. आधी तिची बादली भरायची, मग घरातलं बाकीचं. हा अण्णांच्या घरचा नियम.

दोन वर्षांपूर्वी दीक्षाला इंग्लंडात डर्बीजवळच्या एका वृद्धाश्रमात काम मिळालं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. ठरलं असं होतं, की ती पुढं जाईल आणि तीन-चार महिन्यांत निरंजन आणि संबोधी मागून जातील. तिची तयारी होत आली आणि तिकडच्या सरकारनं नियम बदलला. या कामासाठी नव्यानं येणाऱ्या माणसांनी नवरा, बायको, लेकरं आणायची नाहीत. दीक्षा आमच्या ओट्यावर बसून रडली, आणि तरी गेली. नोकरी सोडून झाली होती, तिकीट काढून झालं होतं.

एक वाट होती. नर्सला हा नियम नव्हता. तिथली नर्सची परीक्षा दिली तर लेकरू नेता येत होतं. दीक्षा म्हणाली, "काकू, बारा-बारा तास उभं राहून आल्यावर पुस्तक धरवेल का? एक परीक्षा कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत्यक्ष करून दाखवायची." अण्णा म्हणाले, "घाई काय हाय? निवडणूक येतीया तिथं. नियम बदलंल." तेव्हा मला ते बापाचं धीर देणं वाटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

जूनमध्ये एका रविवारी दीक्षाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, मला इथं मत आहे."

"तुला? तू तर हितली."

ती म्हणाली, पूर्वी ज्या देशांवर यांचं राज्य होतं त्यातल्या बऱ्याच देशांचा माणूस रीतसर इथं राहत असला, तर त्याला मत देता येतं. मी म्हटलं, चला, एवढी वर्षं आपलं त्यांनी ठरवलं, आता एक दिवस त्यांचं आपण ठरवू. पण अण्णा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "बाबासाहेब शिकले त्या मुलखात माझी पोरगी मत देनार!" मे महिन्यातल्या मतदानाची शाई त्यांच्या नखावर अजून होती. ते बोट त्यांनी दीक्षाला दाखवलं.

"बाबा, इथं शाई नसते. मशीनही नसतं. कागद देतात आणि पेन्सिल."

"पेन्सिल? आन् खोडलं तर?"

"खोडत नाही कुणी. पाहिजे त्या नावापुढं फुली मारायची."

अण्णा मटकन खाली बसले. "फुली? अगं, जल्मभर मी फुली मारली तो पीस भंगारात गेला. हे लोक फुली मारून मान्साला पार्लमेंटात धाडत्यात?"

"आपणही भंगारच धाडतो, अण्णा," मी म्हटलं. "फक्त बटण दाबून."

मग पक्ष कोणते, हा विषय निघाला. आपल्या पेपरात तिकडच्या दोन मोठ्या पक्षांची नावं छापतात, हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष. नियम केला तो हुजूर पक्षाच्या सरकारनं. जाईबाईंनी शेंगा फोडता फोडता निकाल देऊन टाकला, "मजुराची पोर. मजुरालाच देनार की. त्यात इचारायचं काय?"

"नुसतं नाव वाचून पीस पास करत न्हाईत," अण्णा म्हणाले. "दीक्षा, तिथं दारावर येत्यात का लोक मत मागाया?"

"येतात. शनिवार-रविवारी. उमेदवार नाही, पक्षाची साधी माणसं."

"मंग इचार त्यास्नी. एकच प्रश्न. सगळ्यांना त्योच."

आता प्रश्न कोणता? पाण्याचा चालेना, तिथं नळाला दिवसरात्र पाणी. अण्णा दोन दिवस त्यात होते. भाजी आणायला गेले आणि पिशवी रिकामीच घेऊन आले. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हे विंग्रजीत कसं म्हनायचं? तुमच्या म्हाताऱ्याला जी बाई आंगूळ घालती, तिचं लेकरू कुठं असतं, ठावं हाय का?"

माझ्याकडे पाढे म्हणायला आलेली संबोधी खालून म्हणाली, "आज्जोबा, म्हणजे मी?"

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू सतराचा पाढा म्हन."

शनिवारी दुपारी, म्हणजे दीक्षाकडे सकाळी, आम्ही सगळे ओव्हाळांच्या पुढच्या खोलीत जमलो. दीक्षाला सुट्टी होती. ती केरळच्या दोघींबरोबर एका छोट्या घरात राहते, त्या कामावर गेल्या होत्या. बेल वाजली. दीक्षानं फोन हातात धरूनच दार उघडलं. दारात सत्तरीची एक बाई, ओला कोट, छातीवर लाल बिल्ला. आयलीन नाव तिचं. पूर्वी बस चालवायची, असं तिनं आपणहून सांगितलं. मजूर पक्षाची.

"भारतातून माझे वडील तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहेत," दीक्षा म्हणाली. बाई एवढी खूश झाली की दोन्ही हात हलवायला लागली. जाईबाईंनी जय भीम घातला आणि लगेच दीक्षावर घसरल्या, "अगं, उंबऱ्यात काय उभी केलीस म्हातारीला? आत घे, चहा टाक!"

"आई, इथं असं आत येत नाहीत."

"मंग पानी तरी दे!"

बाईनं पाणी घेतलं. अण्णांनी गळ्याजवळचं बटण चाचपलं आणि प्रश्न विचारला. दीक्षानं तो इंग्रजीत सांगितला. मी इकडं अण्णांच्या कानाशी भाषांतराला बसले होते. थोडं मीठ-मसाला घालायची माझी सवय, पण त्या दिवशी घालायला जागाच नव्हती.

आयलीनबाई म्हणाली, "लेकरू? इथंच असेल ना, शाळेत?"

दीक्षा म्हणाली, "नाही. ती तिकडं, माझ्या वडिलांजवळ आहे. तिला आणायला मला परवानगी नाही."

आणि अण्णांनी संबोधीला उचलून फोनसमोर धरलं. हे ठरलेलं नव्हतं. बाईच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मग म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं. आमचा पक्ष हे बदलणार आहे का, तेही मला माहीत नाही. विचारून सांगते."

मी भाषांतर केलं. अण्णा कसनुसं हसले. "'इचारून सांगतो' म्हंजे इषय संपला. चाळीस वर्सं ऐकतोय. नापास."

दुसऱ्या दिवशी हुजूर पक्षाचा आला. तरणा, इस्त्रीचा शर्ट, निळा बिल्ला. प्रश्न ऐकला आणि क्षणभरही न थांबता म्हणाला, "तुमच्या देशात असेल, बहुतेक आजी-आजोबांकडे. मार्चपासून तसा नियम आहे. बाहेरून येणारी माणसं फार वाढली म्हणून आम्ही तो केला. तुमच्यासाठी अवघड आहे, मला कळतं. पण आम्ही तो मागं घेणार नाही, उगाच आशा लावत नाही." नम्र होता पोरगा. जाताना फोनकडे बघून मान लववून गेला.

अण्णा हळूच म्हणाले, "पास."

"काय म्हनलात?" जाईबाईंच्या मांडीवर मेथीची जुडी होती, ती त्यांनी बाजूला ठेवली.

"प्रश्न इचारला, त्याला ठावं होतं. बाईला न्हवतं. गेजनं बघितलं तर ह्यो पास हाय."

"ज्यानं दार लावलं त्याला कडी कुठं हाय ते ठावं असनारच! त्यात कसली आलीया हुशारी?"

"मी नियम सांगतोय, जाई. आपल्या सोयीचं आलं न्हाई म्हनून गेज बदलायचं का?"

"सोयीचं?" जाईबाई उठून उभ्याच राहिल्या. "तुमच्या सोयीचंच आलंय की! पोर जायला नकोच हाय तुमास्नी. दार बंद ऱ्हायलं तर संबोधी हितंच. म्हनून त्यो पास!"

मी आयुष्यात कुणाच्या भांडणातून आपण होऊन उठून आलेली नाही, पण त्या दिवशी उठले. फोन अजून चालू होता. पडद्यावर दीक्षा दोन्ही हातांत तोंड धरून बसली होती. अण्णांनी चप्पल घातली, संबोधीचा हात धरला आणि तलावाच्या बाजूला फिरायला निघून गेले.

सोमवार पाण्याचा दिवस होता. पाणी भरून झाल्यावर अण्णा आमच्या पायरीवर येऊन बसले. मी चहा दिला. म्हटलं गंमत करावी, वातावरण हलकं होईल. "काय अण्णा, हुजूर, मग काय ठरलं?"

ते हसले नाहीत. बशीत चहा ओतून तसाच धरून बसले. "ताई, गेजसुदिक झिजतं, बरं का. हजारो भोकांत घालून घालून बारीक हुतं. म्हनून कंपनीत त्ये मधी मधी तपासाया धाडत्यात. झिजलेलं गेज आपल्याला कळत न्हाई. उलट हातात लई गोड चालतं. कुठं अडत न्हाई, खरखर न्हाई. वाईट पीसबी पास करतं, आन् आपल्याला वाटतं काम झकास चाललंय."

मी म्हटलं, "म्हणजे जाईआक्का म्हणतात ते..."

"त्यो पोरगा बोलला नव्हं, आमी मागं घेनार न्हाई म्हनून. मला बरं वाटलं." चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटानं बाजूला सारली. "बरं वाटायला नको होतं. माझीच लेक तिथं तोंड धरून बसलेली, आन् मला आतनं बरं वाटलं. दीक्षा परीक्षेचं बोलली तवाबी मीच म्हनलो, घाई काय हाय."

संबोधी घरातून दप्तर घेऊन आली, "आज्जोबा, उशीर होतोय," म्हणाली आणि अण्णा उठले. बशीतला चहा तसाच राहिला.

दोन दिवसांनी दीक्षाचा अवेळी फोन आला. तिकडं ती कामाला निघायच्या घाईत होती. इकडं जाईबाईंच्या हाताला पीठ लागलेलं. मी काय, भिंतीपलीकडून आलेच.

"बाबा, ती बाई परत आली होती."

"कोन बाई?"

"आयलीन. लाल बिल्लेवाली. काल संध्याकाळी."

"परत आली?" अण्णा म्हणाले. "कशाला?"

"सांगायला. तिनं त्यांच्या उमेदवाराला विचारलं. तो म्हणाला, निवडून आलो तरी आम्ही हा नियम बदलू असं नाही."

"म्हंजे न्हाई."

"नाही."

"आन् त्ये सांगाया ती परत आली? चालत?"

"चालत. पाऊस होता."

"न्हाई म्हनून सांगाया, पावसात, परत आली?" अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग आमच्याकडे वळून, जणू आम्ही ऐकलंच नाही असं म्हणाले, "ती परत आली."

आता गंमत बघा. आमच्या गल्लीत आजवर कितीतरी जण 'विचारून सांगतो' म्हणून गेलेत. ड्रेनेजचं, टोकाच्या घरांच्या पाण्याचं, खांबावरच्या दिव्याचं. काम झालं तर फलक लावायला येतात, फोटो काढायला येतात. काम होणार नाही, एवढंच सांगायला कुणी पायऱ्या चढून आल्याचं मला आठवत नाही. अण्णांनाही आठवत नसावं.

"मत मागितलं आसंल की," जाईबाई म्हणाल्या.

"नाही गं आई. म्हणाली, आम्हाला द्यायचं तर दे, पण या गोष्टीसाठी देऊ नकोस. मग मलाच विचारलं, तू तिकडं नर्स होतीस ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग वाट कसली बघतेस?" दीक्षाचा आवाज इथं फुटला. "बाबा, कुणीच दार उघडणार नाही. मी उगाच निवडणुकीची वाट बघत बसले."

अण्णा फोन घेऊन खिडकीशी गेले. संबोधी अंगणात खडूनं चौकोन आखून लंगडी घालत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दीक्षा, ऐक. वाट मी बघायला लावली तुला. आता बघू नगं. परीक्षेचा अर्ज भर. ह्याच महिन्यात भर."

"बाबा, पण तुम्ही..."

"माझं काय? मला पानी भरायचं आसतं." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "तू आई हायस तिची. नापास झालीस तर परत दे."

जाईबाई पिठाच्या हातानं तशाच उभ्या होत्या. तीन दिवस नवऱ्याशी धड बोलल्या नव्हत्या. आता म्हणाल्या, "च्या करू का तुमास्नी?" आमच्याकडे माफीनामा असाच लिहितात.

फोन ठेवायच्या आधी दीक्षानं विचारलं, "आणि मताचं काय करू, बाबा?"

मी कान टवकारले. या घरात अण्णा सांगतील तिथं मत पडतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. अण्णा म्हणाले, "तुझं तू दे. माझ्याकडं या बाबतीत गेज न्हाई."

मतदानाच्या दिवशी दीक्षानं शाळेच्या दारातून फोन केला. तिथं शाळेतच मतदान होतं, आपल्यासारखंच, त्यामुळं जाईबाईंना जरा बरं वाटलं. पासपोर्ट दाखवला, कागद मिळाला, पेन्सिल दोरीनं बांधलेली होती.

"दोरीनं बांधली म्हंजे लोक तिथंबी चोरत्यात," जाईबाई समाधानानं म्हणाल्या.

"कुणाला दिलंस?" हे मी विचारलं, दुसरं कोण विचारणार!

"काकू, ते गुप्त असतं."

"अगं, मी काय परकी आहे?"

"म्हणून तर सांगत नाही," दीक्षा म्हणाली आणि अण्णा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

त्या निवडणुकीत मजूर पक्ष आला, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. दीक्षाची फुली कुठं पडली, ते मला आजवर कळलेलं नाही. वाढदिवसाच्या दिवशी विचारलं, आजारी होती तेव्हा विचारलं, एकदा तर संबोधीला मधे घालून विचारलं. पोरगी फार पक्की.

परीक्षा मात्र सगळ्यांच्या देखत झाली. कॉम्प्युटरची पहिल्या फटक्यात. करून दाखवायची होती त्यात एकदा नापास. त्या दिवशी अण्णांनी तिला फोनवर विचारलं, "कुठं अडलं?" आणि तिनं सांगितलेलं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पीस परत मशीनवर चढवायचा असावा तसं. दुसऱ्या वेळी ती पास झाली. एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. आणि गेल्या दिवाळीच्या आधी निरंजन आणि संबोधी निघाले.

गाडी दारात आली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर होती. सगळे विमानतळावर जाणार, जाईबाईसुद्धा. अण्णा म्हणाले, "मी न्हाई येत. उद्या पान्याचा दिवस हाय." पाणी मीही भरलं असतं त्यांचं, हे त्यांनाही माहीत होतं. संबोधीनं गाडीत बसायच्या आधी आपली तांबडी बादली आणून नळाखाली ठेवली आणि म्हणाली, "आज्जोबा, आधी ही." दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळाचा आवाज ऐकून उठले. अण्णांनी आधी ती बादली भरली, मग बाकीचं पाणी. अजूनही तसंच भरतात. त्या बादलीतलं पाणी मग तुळशीला जातं. तुळस आमची आहे.

यंदा जानेवारीत आपल्या महापालिकेची निवडणूक झाली. पदयात्रा आली, हलगी वाजली, एक तरुण उमेदवार हार घालून अण्णांच्या दारात उभा राहिला. सगळी गल्ली थांबून बघायला लागली, आता पाण्याचं विचारणार. त्या उमेदवारानं बहुतेक पाठ करूनच आणलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "काका, दिवसाआड, पहाटे! बरोबर?"

"बरुबर," अण्णा म्हणाले. "पन मला दुसरंच इचारायचंय. टोकाच्या दोन घरांचं पान्याचं काम तुमच्याच्यानं झालं न्हाई, तर तसं सांगाया परत याल का?"

"काका, होऊनच जाईल! शब्द आहे."

"झालं न्हाई तर."

"अहो, न व्हायला काय झालंय? होणारच!"

"बरं," अण्णा म्हणाले आणि हात जोडले. उमेदवाराला वाटलं, पास. गेला बिचारा हसत.

मतदान करून नवरा-बायको परत आले. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून आमच्याकडे चारचार बटणं दाबायची होती, त्यामुळं माझी उत्सुकता चौपट. मी ओट्यावरच गाठलं. "काय अण्णा, कुणाकुणाला?"

"ताई, ते गुप्त आसतं."

"अहो, एवढी वर्षं तर गल्लीला ओरडून सांगत होता! जाईआक्का, तुम्ही तरी सांगा. अण्णांनी सांगितलं तिथंच ना?"

"ह्यांनी काय सांगितलंच न्हाई," जाईबाई म्हणाल्या. "आन् मी ह्यास्नी सांगितलं न्हाई. आमचं आमी दिलं." आणि पदर सावरत आत गेल्या. नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या, खोटं नाही सांगत.

रात्री संबोधीचा कॉल आला. शाळेतून येऊन जेवत होती, मराठीत मधेमधे त्यांचं इंग्रजी घुसतं आता. "आज्जोबा, बोट दाखवा." अण्णांनी शाईचं बोट दाखवलं असणार, कारण ती ओरडली, "मला पण पाहिजे!" मग तिनं विचारलं, "कुणाला फुली मारली?"

भिंतीला कान लावून मी श्वास रोखून धरला. अण्णा म्हणाले, "थांब, सांगतो. कुनाला सांगू नगंस." आणि मग त्यांनी आवाज एवढा खाली नेला की या एवढ्याशा भिंतीतूनसुद्धा एक अक्षर आलं नाही. फक्त तिकडं लांब कुठंतरी पोर खळखळून हसली, तेवढं ऐकू आलं.